चष्मे, कवळ्या आणि सरकारी तिजोरी

सरकारी आरोग्यसेवेचा खर्च तिजोरीला झेपेल का, या प्रश्नाशी ब्रिटनइतकी दीर्घ झटापट क्वचितच कोणत्या देशाने केली असेल. ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अंदाजपत्रक कोलमडले. पुरवणी मागण्या मांडाव्या लागल्या. या फजितीचे मूळ समाजकल्याणाचा आराखडा मांडणाऱ्या बेव्हरिज यांच्या १९४२च्या अहवालात होते. आरोग्यसेवेला १९४५ साली १७ कोटी पौंड लागतील आणि १९६५ सालीही तेवढेच पुरतील, असे त्यात धरले होते. वेळेवर उपचार मिळाले की माणसे कमी आजारी पडतील आणि वाढत्या सेवेचा बोजा परस्पर हलका होईल, असा हा भाबडा हिशेब. घडले ते उलटे. १९११च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला होता, त्याच्या बायकोमुलांना नव्हे. वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी आता दवाखान्यात आली. वुलवर्थच्या दुकानात काचा डोळ्यांना लावून पाहत चष्मा निवडणारी माणसे पहिल्यांदाच तपासनिसासमोर बसली आणि वर्षभरात ५० लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. कवळ्यांचेही तेच. टीकाकारांना यात उधळपट्टी दिसली. खरे तर ती कित्येक वर्षांची थकबाकी होती, आणि थकबाकी वसूल होते त्या वर्षाच्या आकड्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधू नये, हे कोणताही कारकून सांगेल.

राजकारणाला तेवढा धीर नव्हता. कोरियाचे युद्ध पेटले आणि मजूर पक्षाच्या सरकारने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला. १९५१च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांची निम्मी किंमत रुग्णांकडून घ्यायचे ठरवले. त्या वर्षी त्यातून वाचणार होते सव्वा कोटीच्या आसपास पौंड. आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावर मंत्रिपद सोडले; त्यांचे सहकारी मंत्री हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर हे भांडण पैशाच्या टंचाईचे नव्हते, पैसा आधी कोणाला द्यायचा याचे होते, हे उघड दिसते. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसवला. गंमत अशी, की तो बसवण्याचा अधिकार मजूर सरकारनेच १९४९ साली कायद्यात घालून ठेवला होता.

खर्च हाताबाहेर चालला आहे ही ओरड १९५३ साली एका समितीपुढे गेली. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलेबो तिचे अध्यक्ष होते, आणि समिती कपात सुचवील अशी खजिन्याची अपेक्षा होती. ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिटमस यांनी समितीसाठी आकडे तपासले. पौंडांतला खर्च वाढला होता खरा, पण महागाई आणि देशाचे वाढलेले उत्पन्न जमेस धरताच चित्र पालटले. १९४९-५० साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.७५ टक्के असलेला खर्च १९५३-५४पर्यंत ३.२५ टक्क्यांवर उतरला होता. १९५६च्या अहवालाला सरसकट उधळपट्टी कुठेही आढळली नाही. उलट, रुग्णालयांच्या बांधकामावर युद्धापूर्वीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश रक्कम खर्च होत असल्याचे त्यात नोंदले गेले. या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा हाच. पहिल्या दशकातली काटकसर ही बरीचशी उधारी होती. व्हिक्टोरियन काळातल्या इमारती तशाच वापरल्या जात होत्या, आणि ते बिल १९६२च्या रुग्णालय योजनेच्या रूपाने पुढच्या पिढीच्या नावावर पडले.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गिलेबो त्यांच्या काळापुरते बरोबर असतील, पण नंतर हा वाटा दुपटीहून जास्त झाला, त्याचे काय? वय वाढते, नवी औषधे महाग असतात. शिवाय अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी दाखवले तसे, कारखान्यात यंत्राने उत्पादन वाढवता येते, परिचारिकेला मात्र एका तासात दुप्पट रुग्णांची शुश्रूषा करता येत नाही. पगार तर इतरांबरोबर वाढवावाच लागतो. मग ब्रिटनने हे इतकी वर्षे पेलले कसे? मोठा भाग संरक्षणखात्यातून आला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के असलेला संरक्षणखर्च या शतकात दोन-अडीच टक्क्यांवर आला होता. थोडा भाग आपल्याकडूनही गेला. मुंबई-पुण्याच्या सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत इथल्या करदात्याच्या पैशावर शिकलेले डॉक्टर १९६०च्या दशकात तिथल्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करू लागले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च ब्रिटनच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. संरक्षणातली ती जागा आता उरलेली नाही. यापुढची वाढ कर वाढवूनच भागवावी लागेल, आणि तसे मतदाराला तोंडावर सांगणारे पुढारी तिथेही थोडेच.

दुसरा आक्षेप इनॉक पॉवेल यांचा. स्वतः आरोग्यमंत्री राहिलेल्या पॉवेल यांनी १९६६ साली मांडले की फुकट सेवेची मागणी कधीच संपत नाही. ते अर्धे खरे आहे. किंमत लावली नाही की रांग लागते, आणि ब्रिटनमधली रांग कुप्रसिद्ध आहे. पण किंमत लावल्याने देशाचा खर्च आटोक्यात राहतो, असे अनुभव सांगत नाही. बाजाराला सर्वांत मोकळे रान देणाऱ्या अमेरिकेत आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के जातात, ब्रिटनहून कितीतरी जास्त. सरकारने हात आखडता घेतला की दुखणे संपत नाही; बिल घरच्यांच्या हाती येते. म्हणून खर्च झेपेल का हा प्रश्न अपुरा आहे. तो कोणाला झेपेल, हे विचारायला हवे.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३पासून आपल्या सरकारी रुग्णालयांतले उपचार मोफत केले, तेव्हा आपल्याकडेही तिजोरीची चिंता व्यक्त झाली. ती करताना दोन आकडे समोर असावेत. भारतातील सर्व सरकारांचा मिळून आरोग्यावरचा खर्च २०२१-२२ साली सकल उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातले ३९ टक्के कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरले. युद्धाने खंगलेला, कर्जात बुडालेला, १९५४पर्यंत मांस शिधापत्रिकेवर घेणारा ब्रिटन आपल्या नव्या आरोग्यसेवेवर या १.८४ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट वाटा खर्च करत होता.