‘लॉर्ड’ : एका पदवाचक शब्दाचा इतिहास

इंग्रजीतील ‘लॉर्ड’ हा शब्द उमरावपदाचा द्योतक म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु त्याचे मूळ सिंहासनात किंवा रणांगणात नसून भाकरीत आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘ह्लाफ्वेआर्द’ या सामासिक शब्दाचे प्रथम ‘ह्लाफोर्द’ व कालांतराने ‘लॉर्ड’ असे रूपांतर झाले. ‘ह्लाफ’ म्हणजे भाकरी आणि ‘वेआर्द’ म्हणजे रक्षक. ‘लेडी’ हा शब्दही ‘ह्लॅफ्दिगे’, म्हणजे कणीक मळणारी, यापासून आलेला आहे.

शेजारच्या भाषांत निराळा प्रकार दिसतो. फ्रेंचमधील ‘सेन्यर’ व जर्मनमधील ‘हेर’ हे दोन्ही शब्द मुळात वडीलधाऱ्या पुरुषाचे वाचक होत. तेथे स्वामित्वाचा आधार वय हा होता. इंग्रजीत तो अन्न हा झाला.

तथापि केवळ व्युत्पत्तीवरून समाजस्थितीचे अनुमान करणे धोक्याचे असते. प्राचीन इंग्रजी ग्रंथांत ‘ह्लाफोर्द’ हा शब्द बहुधा नुसत्या ‘धनी’ या अर्थाने येतो. तो उच्चारणाऱ्याच्या मनात भाकरीची कल्पना असेलच असे नाही. म्हणून स्वतंत्र पुरावा पाहणे अगत्याचे ठरते. तो केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. 600 च्या सुमाराच्या कायद्यात मिळतो. स्वतंत्र शेतकऱ्याच्या ‘ह्लाफॅता’चा वध करणाऱ्याने 6 शिलिंग भरपाई द्यावी, असे त्यात कलम आहे. ‘ह्लाफॅता’ म्हणजे शब्दशः भाकरी खाणारा, अर्थात आश्रित. भाकरी राखणारा आणि ती खाणारा या जोडीवरून ‘लॉर्ड’ हा शब्द आरंभी पदाचा नव्हे, तर एका परस्परसंबंधाचा वाचक होता, हे स्पष्ट होते.

पुढे या संबंधाला राजसत्तेने सक्तीचे रूप दिले. आल्फ्रेडच्या (871–899) कायद्यात धन्याविरुद्ध कट करणाऱ्यास प्राणदंड व सर्वस्वहरण सांगितले आहे. अॅथेलस्टनच्या (924–939) कायद्याने, ज्याला धनी नाही अशा माणसास धनी मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्या नातलगांवर टाकली. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर नव्या जमीनदारांनाही हेच नाव लागू झाले. त्यांच्या शेतावर कुळांनी वेठ करावी, आणि अनेक ठिकाणी धान्यही त्यांच्याच गिरणीत दळून तेथे मोबदला द्यावा, असा दंडक होता. म्हणजे भाकरीचा रक्षक हा भाकरीचा वाटेकरी झाला. नाव मात्र कायम राहिले.

त्यानंतर हा शब्द दर्जाचा निदर्शक बनला. इंग्लंडात 1337 मध्ये ड्यूक, 1385 मध्ये मार्क्विस व 1440 मध्ये व्हायकाउंट ही पदे प्रथम निर्माण झाली. ड्यूकखालील सरदारांना ‘लॉर्ड’ हे संबोधन रूढ झाले. 1919 मध्ये सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे ते पद मिळविणारे पहिले भारतीय ठरले.

हिंदुस्थानच्या बोलभाषांनी या शब्दाचे ‘लाट’ केले. मराठीत ‘लाटसाहेब’ म्हणजे स्वतः काही न करता तोरा मिरविणारा. कर्तव्य गळून गेल्यावर पदवीचे काय उरते, याची नोंद या उपरोधात आपसूक झाली आहे. ‘अन्नदाता’ हा शब्द मात्र मराठीने निराळा राखला. त्यातील आदर पदासाठी नसून देणाऱ्यासाठी आहे.