कुंडीला पाणी कोण घालायचं?

मित्रांनो, पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय हाताबाहेर मोठा वाटतोय? मग आज एका लहानशा वस्तूकडे बघू: कुंड्या ठेवायचा स्टँड. आपल्याकडे पाण्याच्या घागरींसाठी घडवंची असायची ना, त्याच जातीची वस्तू. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत असे स्टँड असत. कधी लाकडी, कधी तारेचे, कधी ओतीव लोखंडाचे.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं होतं, 'प्रतिष्ठा मिरवण्यासाठी लोक असे स्टँड घेत.' गाईडनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "बरं, पाणी कोण घालायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांचं लिखाण बाजूला ठेवावं लागलं. पण खरं सांगते, त्या प्रश्नानेच प्रकरण वाचलं.

मग त्या स्टँडची चित्रं पुन्हा पाहिली. या वेळी नक्षी सोडून दिली आणि रचनाच तेवढी पाहिली. अनेकांना आत जस्ताच्या पत्र्याचं भांडं असतं. म्हणजे पाणी सांडायचं, आणि खालचा गालिचा जपायचा होता. काहींच्या पायांना चाकं असतात. म्हणजे भरलेला स्टँड जड व्हायचा आणि तरीही हलवावा लागायचा. बरेच स्टँड अर्धगोल आणि पायऱ्यापायऱ्यांचे असतात. सपाट बाजू भिंतीला किंवा खिडकीला लागते, आणि मागच्या कुंड्या पुढच्यांच्या आड जात नाहीत.

हलवायचं कशासाठी? उजेडासाठी. खिडकीपासून थोडं आत गेलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो. शिवाय एकाच बाजूने उजेड आला की झाड तिकडेच झुकतं.

इथे एक मोह होतो. ब्रिटनमध्ये 1845 साली काचेवरचा कर गेला, 1851 साली खिडकी-कर गेला. मग 'काच स्वस्त झाली म्हणून घरात झाडं आली' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. एकामागोमाग घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असेलच असं नाही, तो दाखवावा लागतो. आणि उजेड मिळाला तरी हवेचं काय? लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरच्या बागेतले नेचे कोळशाच्या धुराने जगत नव्हते. 1829च्या सुमारास त्याने पतंगाचा कोष एका बंद बाटलीत ठेवला, तर आतल्या ओल्या मातीत नेचा आणि गवत उगवलं. त्यातूनच काचेच्या बंद पेट्या आल्या. त्याही पुढे पायांच्या स्टँडवर बसून दिवाणखान्यात पोचल्या. ज्यांना उघड्यावरच झाड ठेवायचं होतं, त्यांच्याकडे अ‍ॅस्पिडिस्ट्रा टिकला, कारण अंधार आणि गॅसदिव्यांची हवा दोन्ही तो सोसतो.

आता माझं वाक्य वाचा: 'दिवाणखान्यातलं झाड जिवंत ठेवणं हे रोजचं काम होतं, आणि स्टँड त्या कामाचं साधन होता.' प्रतिष्ठा खोटी ठरली नाही. पण ती कुणाच्या तरी श्रमावर उभी होती, हे दिसू लागलं. मग साधनंही बदलली. विक्रीच्या कॅटलॉगांवरून काय विकायला होतं ते कळतं. कोण काय करायचं, ते शोधायला मी घरकामाच्या पुस्तकांकडे वळले. मिसेस बीटनच्या 1861च्या ग्रंथात नोकरांच्या कामांची वाटणी तपशीलवार दिलेली आहे.

गंमत म्हणजे, हा धडा मी खोलीतही गिरवला. माझा स्टँड कोपऱ्यात शोभून दिसायचा, पण मनीप्लांटची पानं पिवळी पडायची. आता तो खिडकीला लागून आहे. सगळ्यात वर उजेडाची भुकेली झाडं, खाली सोसणारी, प्रत्येक कुंडीखाली ताटली, आणि दर रविवारी कुंडी थोडी फिरवते. दिसायला तितका देखणा नाही, झाडं मात्र जगली.

तर तुमच्यासाठी गृहपाठ. घरातली एक जुनी वस्तू निवडा: घडवंची, फडताळ, तिवई, काहीही. ती कुणी विकत घेतली हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ती रोज पुसायचं कोण? उत्तर लगेच सापडलं नाही, तर समजा संशोधनाचा प्रश्न मिळाला.