ब्रॉम्प्टन ऑरेटरी

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील कॅथलिक चर्च व धर्मग्राम. लॅटिन उपासना आणि धर्मसंगीतासाठी प्रसिद्ध. संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात रोममध्ये सुरू केलेल्या ऑरेटरी संघाची लंडन शाखा फ्रेडरिक फेबर यांच्या नेतृत्वाखाली १८४९ मध्ये निघाली. हर्बर्ट ग्रिबल यांनी इटालियन बरोक शैलीत रचलेली सध्याची वास्तू १८८४ मध्ये अभिषिक्त झाली. संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा विवाह १८८९ मध्ये येथेच झाला.

रविवारची मुख्य मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मध्यवर्ती सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये गायिली जाते. लॅटिन म्हणजे जुनी त्रिदेंतीय (विसाव्या शतकातील सुधारणांपूर्वीची) मिस्सा, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ही मिस्सा पोप सहावे पॉल यांच्या सुधारित विधीनुसार होते, मात्र धर्मगुरू भाविकांप्रमाणेच वेदीकडे तोंड करून उभे असतात. त्या त्या दिवसाची बदलती प्रवेशगीते वगैरे ग्रेगोरियन पद्धतीने, म्हणजे एकाच स्वरपंक्तीत, ठरावीक तालाविना गातात. ‘किरिए’, ‘ग्लोरिया’, ‘सांक्तुस’, ‘आन्युस देई’ हे कायमचे भाग मात्र व्यावसायिक गायकवृंद पॅलेस्ट्रीना, व्हिक्टोरिया, हायडन आदींच्या बहुस्वरी रचनांत सादर करतो. इंग्रज संगीतकार विल्यम बर्ड यांनी मिस्सेसाठी केलेल्या तीन रचनांना येथे वेगळाच अर्थ येतो : इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सेवर बंदी असताना, १५९० च्या दशकात, त्या छापल्या गेल्या आणि खाजगी घरांत चोरून गायिल्या जात. येथील ऑर्गनची रचना राल्फ डाउन्स यांची. रॉयल फेस्टिव्हल हॉलचा ऑर्गनही त्यांचाच.