छतावरची वीज : अनुदान आहे, पण मीटर कोणाच्या नावावर आहे?

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही तेव्हा त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाची गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका. आज घरगुती विजेसाठी सरकारी अनुदान मिळते, पण आपल्या वस्त्यांत त्याची नीट माहिती नसते. म्हणून ही नोंद.

मुख्य योजना म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना'. घराच्या छतावर १ किलोवॅटचा सौर संच बसवला तर ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये केंद्राकडून मिळतात. १ किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतो आणि त्याला शंभर चौरस फुटांच्या आसपास सावली नसलेली जागा लागते. जास्तीची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते व बिलातून वजा होते. बिल शून्य होईल असे विक्रेते सांगतात, पण स्थिर आकार भरावाच लागतो.

अडचण अशी की या योजनेत ग्राहकाला स्वतःचेही पैसे घालावे लागतात. रोजंदारीवरच्या कुटुंबाला ते जमत नाही. त्यासाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही पूरक योजना आणली. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना १ किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे अनुदान मिळते. ५० हजारांच्या संचात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा वाटा अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाचा पाच हजार आणि सर्वसाधारण गटाचा दहा हजार रुपये. उद्दिष्ट पाच लाख ग्राहकांचे आहे, त्यामुळे उशीर केलेला परवडणार नाही.

खरी अडचण पैशाच्या आधीच येते. वस्तीत काम करताना आम्हाला पुन्हा पुन्हा तेच दिसते : मीटर वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, तीन भावांत एकच मीटर, आणि वर जुनी थकबाकी. अर्ज वीज ग्राहकाच्या नावाने होतो, म्हणून आधी नावबदलाचा अर्ज, मृत्यू दाखला आणि वारसांची संमती. थकबाकी मिटवावी लागते. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवावा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, कारण केंद्राचे अनुदान थेट खात्यात येते. भाड्याने राहणाऱ्यांना या योजनांचा उपयोग नाही, आणि शहरी वस्त्यांतले आपले कितीतरी लोक भाड्यानेच राहतात. ही योजनेतलीच उणीव आहे, ती मांडत राहिली पाहिजे.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीतून धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यावर नुसतेच 'बौद्ध' असेल तर केंद्राच्या योजनेत हरकत निघते. धर्मांतरापूर्वीच्या जातीचा उल्लेख असलेला दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून आधीच घ्यावा. धम्मात आल्यावर तो उल्लेख कागदावर वागवणे अनेकांना खटकते, आम्हालाही. पण त्यामुळे हक्क सोडून देणे आम्हाला पटत नाही.

पत्र्याच्या घरांचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. पत्र्याखालचा सांगाडा भार पेलेल का, हे संच बसवणाऱ्याने जागेवर येऊन पाहायचे असते. फोनवर 'होऊन जाईल' म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. पोर्टलवर नोंदणी असलेलाच विक्रेता निवडा आणि पॅनेल भारतीय बनावटीचेच आहेत का ते बघा, नाहीतर अनुदान अडते.

पाण्यासाठी घरोघरी असे थेट अनुदान नाही. पुण्यात पर्जन्य जलसंचय किंवा सौरऊर्जा केलेल्या घरांना महापालिका मिळकत करात सूट देते. गावात जलजीवन मिशनखाली माणशी दिवसाला ५५ लिटरचे नळजोड अपेक्षित आहेत. नळ बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबला असेल तर ग्रामसभेत लेखी नोंद घ्यायला लावा.

बुद्धविहारावर संच बसवता येईल का, असे मंडळे विचारतात. येतो, पण हे अनुदान घरगुती जोडणीसाठी आहे. विहाराचा मीटर कोणत्या वर्गात आहे ते आधी बिलावर बघून मगच खर्चाचा हिशेब मांडा.