शुश्रूषेचा आराखडा आणि एक नवा रोग

एखाद्या रोगाचा इतिहास लिहिणारे बहुधा जंतूचा शोध, औषधाचा शोध आणि मृतांची संख्या या तीन गोष्टींची नोंद करून थांबतात. ज्या हातांनीं रोग्याचें अंग पुसलें, त्या हातांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. एच्.आय्.व्ही.चें निदान नुकतेंच झालेल्या रुग्णाची शुश्रूषा कशी आंखावी, याचे नियम आज परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांत क्रमवार दिलेले असतात. ते वाचतांना असें वाटतें कीं, कोणा पंडितानें टेबलाशीं बसून ते रचले असावेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. त्यांतील बहुतेक कलमांमागें कोणाचें तरी दुःख आहे आणि कोणाचें तरी धैर्य आहे. तीच हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

आपल्या भाषेंतील शुश्रूषा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. श्रु धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. पाश्चात्य परिचर्याशास्त्र याच अर्थाकडे फार फेऱ्यानें येऊन पोंचलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं परिचर्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांचा भर हवा, उजेड, स्वच्छता आणि बारकाईचें निरीक्षण यांवर होता. पुढें १९६१ सालीं इडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन विदुषीनें असें प्रतिपादिलें कीं, रुग्णाला काय हवें हें परिचारिकेनें स्वतःच गृहीत धरूं नये. आपणांस जें दिसलें व वाटलें तें रुग्णालाच विचारून पडताळून पाहावें. यांतूनच पाहणी, अडचणींचा निर्णय, उद्दिष्ट, कृति आणि फलाची तपासणी अशा पायऱ्यांची पद्धति हळूहळू रूढ झाली. परंतु या पद्धतीची खरी कसोटी अद्याप लागावयाची होती.

५ जून १९८१ रोजीं अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाची एक लहानशी वार्ता छापून आली. त्यांपैकीं दोघे तोंवर मरण पावले होते. एड्सची ही पहिली नोंद होय. पुढील दोन वर्षांत भीतीचा संसर्ग रोगापेक्षां वेगानें पसरला. शिक्षित डॉक्टर आणि नर्सासुद्धां अशा रुग्णाच्या खोलींत जाण्यास कचरत; जेवणाचें ताट दाराबाहेर ठेवून निघून जात. रोगी रोगानें खंगत होता, आणि एकटेपणानें त्याहूनहि अधिक.

अशा वेळीं सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्यें जुलै १९८३ मध्यें बारा खाटांचा एक कक्ष उघडण्यांत आला. त्याचें नांव पांच-बी. क्लिफ मॉरिसन या परिचारकानें त्याची आंखणी केली होती. येथें काम करण्याची सक्ति कोणावरहि नव्हती. जे आले ते स्वेच्छेनें आले. रोगाचें कारण असलेला विषाणु पॅरिस येथें फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेंत त्याच वर्षीं हातीं लागला होता. पण त्याची खात्री सर्वत्र पटावयाची होती. औषध तर नव्हतेंच. मग परिचारिकांच्या हातीं उरलें काय? त्यांच्या हातीं त्यांचे हातच उरले. रोग रक्तावाटे व शरीरसंबंधावाटे पसरतो, स्पर्शानें पसरत नाहीं, हें उपलब्ध पुराव्यावरून त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून नुसतें बोलावयास जातांना त्यांनीं मुखपट्टी आणि हातमोजे दूर ठेवले. त्या रुग्णाच्या खाटेवर बसत, त्याचा हात हातांत घेत. भेटीच्या वेळांचा काच त्यांनीं सैल केला. रुग्णाचे आप्त कोण, हें रुग्णालयाच्या नोंदवहीनें न ठरवितां रुग्णानेंच सांगावें, असा परिपाठ पाडला. ऑर्लँडोबाईंचें तत्त्व येथें अक्षरशः आचरणांत आलें.

या वर्तनास कोणी अविचार म्हणतील. पण तो अविचार नव्हता. रक्त घेतांना, जखम बांधतांना काळजी आवश्यकच होती. दूषित सुई टोंचल्यास सुमारे हजारांत तिघांना लागण होते असें पुढें मोजण्यांत आलें. रक्तपरीक्षा १९८५ सालीं उपलब्ध झाली. १९८७ च्या ऑगस्टमध्यें रोगनियंत्रण केंद्रानें जो नियम घालून दिला, तो मोठा शहाणपणाचा होता: प्रत्येक रुग्णाचें रक्त दूषित आहे असें समजून सर्वांच्याच बाबतींत सारखी दक्षता घ्यावी. त्यामुळें एकाच रुग्णाच्या खाटेवर भीतीची पाटी लावण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं. परिचारिकेचें संरक्षण आणि रुग्णाची अब्रू या दोहोंची तरतूद एकाच नियमानें झाली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८६ सालीं मद्रास येथें डॉ. सुनीति सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं भारतांतील पहिल्या लागणीचा शोध लावला. तीन वर्षांनीं, फेब्रुवारी १९८९ मध्यें, गोव्यांत डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनीं ताब्यांत घेतलें. त्याचा अपराध एवढाच कीं, त्यानें रक्तदान केलें होतें आणि त्या रक्तांत विषाणु आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारें त्याला एका जुन्या क्षयरुग्णालयांत ६४ दिवस कोंडून ठेवण्यांत आलें. त्याच्या आईनें मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी पीठाकडे दाद मागितली, तेव्हां त्याची सुटका झाली. परंतु अंतिम निकालांत न्यायालयानें त्या कलमास वैधच ठरविलें. १९९२ सालीं डॉमिनिक निवर्तला. हा रोग स्पर्शानें होत नाहीं हें पांच-बी कक्षांत सहा वर्षांपूर्वींच आचरणानें सिद्ध झालें होतें. ज्ञान उपलब्ध होतें; तें ऐकून घेण्याची इच्छा नव्हती. शुश्रूषेचा अभाव तो हाच.

१९९६ सालीं तीन औषधांचा संयुक्त उपचार प्रचारांत आला आणि चित्र पालटलें. तोंवर आराखड्याचें अंतिम उद्दिष्ट शांत मरण हें असे. आतां दीर्घ आयुष्य हें झालें. भारतांत १ एप्रिल २००४ पासून सरकारनें हीं औषधें विनामूल्य देण्यास आरंभ केला. २०११ सालीं नऊ देशांतील एका प्रयोगानें असें दाखविलें कीं, लवकर उपचार घेणाऱ्यापासून जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनीं घटते. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यांत सहभागी होती. २०१७ सालच्या कायद्यानें संमतीवांचून तपासणी करण्यास, गुप्तता मोडण्यास आणि भेदभाव करण्यास मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला.

या सर्व अनुभवाचें सार आजच्या आराखड्यांत उतरलें आहे. नवा रुग्ण समोर येतो तेव्हां परिचारिका प्रथम त्याला एकांतांत बसविते आणि त्याला काय समजलें आहे तें विचारते. कारण निदान ऐकल्यानंतर पुढचें बोलणें बहुधा कानांवरून जातें. मन खचलें आहे काय, जिवाचें बरें-वाईट करण्याचा विचार आहे काय, हें ती स्पष्ट शब्दांत विचारते. नंतर शरीराची पाहणी: वजन, आहार, आणि खोकला, ताप, वजनांतील घट व रात्रींचा घाम या क्षयाच्या चार खुणा. रोगप्रतिकारक पेशींची गणना आणि रक्तांतील विषाणूंचें मोजमाप यांची नोंद होते. स्त्री रुग्ण असल्यास गर्भधारणेचा विचार होतो, कारण वेळेवर उपचार झाल्यास मूल बहुधा निरोगी जन्मतें. औषध रोज ठराविक वेळीं कसें घ्यावयाचें, तें घरीं कोठें ठेवावयाचें, कामावर असतां काय करावयाचें, हें रुग्णाच्याच दिनक्रमांत बसवून पाहिलें जातें. हें कोणास सांगावयाचें याचा निर्णय त्याच्याकडे राहतो. जोडीदारास सांगण्याचें धैर्य येण्यासाठीं ती साह्य करते. कांहीं महिन्यांनीं फिरून तपासणी होते आणि जें साधलें नाहीं तें नव्यानें आंखलें जातें.

औषधानें विषाणु दबला कीं तो रुग्ण इतरांसारखा काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. तथापि औषधाची पहिली गोळी तोंडांत पडण्यापूर्वीं कोणीतरी त्याच्याजवळ बसावें लागतें. आपल्या घरांत, शेजारांत किंवा कचेरींत असा मनुष्य असेल, तर त्याला डॉक्टर औषध देतील. त्याच्याबरोबर एका पंक्तीस बसणें हें मात्र आपलेंच काम आहे. तें करण्यास परिचारिकेची पदवी लागत नाहीं. ऐकण्याची इच्छा असली म्हणजे पुरे.