चॉकलेट उपवासाला चालतं का?

चॉकलेट तब्येतीला चांगलं की वाईट, हा प्रश्न आजचा नाही. गेली साडेचारशे वर्षं तो विचारला जातो आहे आणि प्रत्येक जमान्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे त्याचं उत्तर दिलं आहे.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानं १५७० साली फ्रान्सिस्को हेर्नांडेझ या आपल्या वैद्याला मेक्सिकोकडे धाडलं, तिथल्या वनस्पतींची नोंद करायला. तिथले लोक ककाओच्या बिया भाजून, वाटून, कधी मिरची तर कधी सुवासिक फुलं घालून फेसाळ पेय करीत. कडू पेय, उसाची साखर त्यांनी पाहिलेलीच नव्हती, ती आणली स्पॅनिश लोकांनी. हेर्नांडेझनं ठरवलं, ककाओ गुणानं थंडाकडे झुकणारा. ही भाषा आपल्याला परकी नाही. ग्रीक वैद्यक अरबांच्या हातून स्पेनला गेलं, तसंच ते युनानी होऊन हिंदुस्थानातही आलं. माझ्या लहानपणी हकीमसाहेब नाडी धरून ‘गरम चीजें बंद’ म्हणत, ते याच घराण्यातलं बोलणं.

१६३१ मध्ये कोल्मेनेरो द लेदेस्मा या स्पॅनिश वैद्यानं चॉकलेटवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. ककाओ थंड खरा, पण सोबतचे मसाले उष्ण, म्हणून पेय समतोल होतं, असा त्याचा युक्तिवाद.

मग धर्मपंडित सरसावले. चॉकलेटनं उपवास मोडतो का? हे अन्न की पाणी? लेओन पिनेलोनं १६३६ मध्ये माद्रिदला या एका प्रश्नावर पुस्तक छापलं. पुढे १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निर्वाळा दिला, की द्रव पदार्थानं उपवास मोडत नाही. रोज्यात पाण्याचा घोटही चालत नाही, त्यामुळे आमच्याकडे हा वाद उभाच राहिला नसता. पण साबुदाणा चालतो मग भात का नाही, यावरचा घरोघरचा खल ज्यांनी ऐकला आहे, त्यांना कार्डिनलसाहेबांची अडचण नक्की कळेल.

या साऱ्यांनी ज्याची चर्चा केली, ते पेय होतं. आपण खातो ती वडी फार पुढची. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेननं ककाओतली चरबी दाबून वेगळी काढण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं खायची वडी बाजारात आणली, आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरनं तिच्यात दूध मिसळलं. नाव तेच राहिलं. आत साखर आणि चरबी वाढत गेली. जुन्या वैद्यांचे दाखले या वडीला लावणं म्हणजे लिंबाचे गुण सांगून सरबताची बाटली विकणं.

ककाओतल्या फ्लॅव्हनॉल नावाच्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, हे खरं आहे. अमेरिकेत एकवीस हजारांवर वयस्क माणसांवर त्याची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस फरक दिसला नाही, त्यानं होणारे मृत्यू मात्र काहीसे कमी दिसले. दिल्या होत्या त्या अर्काच्या कॅप्सूल, चॉकलेट नव्हे. आणि खर्चाचा काही वाटा मार्स या चॉकलेटवाल्या कंपनीकडून आला होता.

दातांचा निकाल मात्र केव्हाच लागला आहे, आणि तो कसा लागला हे सांगायलाच हवं. स्वीडनमधल्या लुंड गावी विपेहोम नावाची मतिमंदांसाठीची मोठी संस्था होती. १९४५ पासून तिथल्या शेकडो रहिवाशांवर प्रयोग झाले. कुणाला जेवणात साखर, कुणाला जेवणाखेरीज चॉकलेट, कुणाला दिवसाला चोवीस चिकट टॉफ्या, मुद्दाम दातांना चिकटून राहतील अशा केलेल्या. पैशांत गोड पदार्थांच्या कारखानदारांचाही वाटा होता. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले : साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा खाल्ली आणि दातांना किती वेळ चिकटली, यावर कीड ठरते. चॉकलेट वितळून जातं म्हणून टॉफीइतकं वाईट ठरलं नाही. आज दंतवैद्य आपल्याला ‘मधेमधे गोड खाऊ नका’ म्हणतात, त्यामागे हा अभ्यासही आहे. मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायचं, ही स्वीडनमधली रीतही त्यातूनच रुजली.

टॉफी खाणाऱ्या कित्येकांचे दात किडून गेले. त्यांची संमती कुणी घेतली नव्हती.