उपाशी बाईने राहायचं, खर्च कोणी करायचा?

१८४७ साली एडिनबर्गच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी बाळंतिणीला भूल दिली, आधी ईथरची आणि मग क्लोरोफॉर्मची, तेव्हा आक्षेप धर्मग्रंथातून आला: स्त्रीने वेदना सोसूनच मूल जन्माला घालावं, ही देवाची आज्ञा. सिम्पसन यांनी बायबलमधूनच उत्तर दिलं. आदमची बरगडी काढताना देवानेही त्याला गाढ झोपवलं होतं! १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं आणि विरोधाची धार बोथटली. पण भुलेखाली बाई दगावते ती का, हा प्रश्न इतका कधीच गाजला नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी तो धसास लावला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातलं अन्न किंवा द्रव गेलं होतं. दोघी घनपदार्थाने गुदमरून मेल्या. कळा सुरू झाल्या की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि भुलेत खोकून बाहेर टाकण्याची शक्ती राहत नाही. सशांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की फुप्फुस जाळतं ते जठरातलं आम्ल. म्हणजे नशीब नव्हे, कारण सापडलं.

१९४६ च्या त्या लेखात उपायही होते: कळांच्या काळात तोंडावाटे अन्न देऊ नका, शक्य तिथे स्थानिक भूल वापरा, आम्लता कमी करा, भूल जाणकाराच्या हाती द्या, तिरपं करता येणारं टेबल आणि शोषणयंत्र जवळ ठेवा. यातला पहिला उपाय जगभर चटकन रुजला. का नाही रुजणार? बाईला उपाशी ठेवायला दवाखान्याला छदामही लागत नाही. (आता धोका नसलेल्या बाईला पाणी, पातळ पेय द्यायला तज्ज्ञांची हरकत नसते, तरी आपल्याकडे कितीतरी ठिकाणी घोटभर पाणीही मिळत नाही.) जाणकार माणसाला मात्र पगार द्यावा लागतो.

ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ मिळेनात, म्हणून आपल्या सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायला घेतलं. ते पुरेसं आहे का, हा वाद जरूर घालावा. पण सिझेरियनसाठी अडलेल्या बाईला भूल द्यायला कोणी नाही म्हणून रात्री पुढच्या गावी पाठवतात, ती वाटेत गेली तर तिचा मृत्यू भुलेच्या खात्यावर कोण लिहितो? इंग्लंडमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, त्यात भुलेचा वाटा वेगळा तपासला जातो. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस असतो, एवढं तरी माहितीच्या अधिकारात विचारून बघा.